काळ्या मातीतील परसबाग : वाफशापासून पहिल्या भाजीपर्यंत

आपल्या वसतिगृहातून शिकून बाहेर पडलेल्या अनेक विद्यार्थ्यांनी गेल्या काही वर्षांत गावाच्या वेशीवर किंवा शहराच्या टोकाला स्वतःची घरे बांधली. ज्या भूखंडांवर ही घरे उभी राहिली, तेथे बहुधा कालपरवापर्यंत कपाशी किंवा तूर उभी होती. घर पूर्ण झाल्यावर मागे दोन-तीनशे चौरस फूट जागा उरते आणि पहिल्या वर्षी तिच्याविषयी घरात मोठा उत्साह असतो. पहिल्या पावसात मेथी फेकली जाते, मिरचीची चार रोपे लावली जातात. आषाढात तेथे पाणी साचते आणि रोपे पिवळी पडून मरतात. हिवाळ्यात तीच जमीन दगडासारखी होते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिसऱ्या वर्षी घरमालक कंटाळून सगळीकडे फरशी बसवितो आणि ‘काळ्या मातीत भाजी होत नाही’ असे शेजाऱ्यास सांगतो.

हा निष्कर्ष आम्हांस मान्य नाही. जी माती पावसाच्या पाण्यावर कपाशी, तूर आणि ज्वारी पोसते, ती एका वाफ्यातील पालकाला पोसू शकणार नाही, हे संभवत नाही. शिवाय ज्या कुटुंबांच्या मागच्या पिढ्या दुसऱ्याच्या शेतात मजुरीने राबल्या, त्यांच्या नावावर झालेली ही बहुधा पहिलीच माती असते. ती फरशीखाली जाऊ नये, असे आम्हांस मनापासून वाटते. म्हणून शून्यातून परसबाग उभी करू इच्छिणाऱ्या माजी विद्यार्थ्यांसाठी आणि पालकांसाठी हा लेख लिहीत आहोत. त्याचा आशय एका वाक्यात सांगता येतो: काळ्या मातीत अन्नापेक्षा हवेची उणीव अधिक असते, आणि ती हवा खताच्या पोत्यातून येत नसून योग्य वेळी केलेल्या मशागतीतून येते.

या मातीचा स्वभाव

दख्खनच्या पठारावरील काळी माती बेसॉल्ट या ज्वालामुखीजन्य खडकाच्या झिजेतून तयार झाली. तिच्यात चिकणमातीचे प्रमाण फार, पुष्कळ ठिकाणी निम्म्याहून अधिक असते. चिकणमातीचा कण 0.002 मिलिमीटरपेक्षाही लहान असतो. एवढे बारीक कण एकमेकांना बिलगून बसले की त्यांच्यामधील पोकळ्या इतक्या अरुंद होतात की पाणी त्यांतून सहज खाली उतरत नाही. त्यातही आपल्याकडील चिकणमातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ते फुगते आणि पाणी निघून गेले की आकसते. पावसाळ्यात दारे-चौकटी अडकतात आणि उन्हाळ्यात कुंपणाच्या भिंतीला तडे जातात, त्यामागेही पुष्कळदा हाच फुगण्या-आकसण्याचा खेळ असतो.

मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. माती पाण्याने फुगून गच्च झाली की सर्व पोकळ्या पाण्याने भरतात, प्राणवायू संपतो आणि मुळे कुजू लागतात. पावसाळ्यात रोप वरून सुकलेले दिसते तेव्हा अनेक जण त्याला आणखी पाणी घालतात. वस्तुतः ते पाण्यात उभे राहून गुदमरत असते.

या मातीचे गुणही तेवढेच मोठे आहेत. ओलावा आणि खताचा अंश धरून ठेवण्यात तिची बरोबरी हलकी मुरमाड जमीन करू शकत नाही. तिच्यात चुना आणि पालाश भरपूर असतात. नत्र मात्र कमी असते आणि स्फुरद, लोह व जस्त मातीत असूनही रोपांना पुरेसे मिळत नाहीत. कारण तिचा सामू बहुधा 7.5 ते 8.5 च्या दरम्यान, म्हणजे विम्लतेकडे झुकलेला असतो.

आपल्या अंगणातील माती खरोखर कोणती आहे, हे आधी पाहावे. ओलसर मातीची गोळी करून अंगठा व तर्जनी यांमध्ये दाबत तिची फीत काढावी. दोन इंचांहून लांब फीत न तुटता निघाली, तर माती भारी आहे असे समजावे. दुसरी परीक्षा पाण्याची. एक फूट लांब, रुंद व खोल खड्डा करून तो पाण्याने भरावा, ते मुरल्यावर पुन्हा भरावा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसत असेल, तर त्या जागेत सपाट वाफा करण्याचा विचार सोडून द्यावा. नव्या घरांच्या बाबतीत आणखी एक पाहावे. बांधकामाच्या वेळी टाकलेला मुरूम, विटांचे तुकडे आणि सिमेंटचा चुरा वरच्या थरात असतो. तो उचलून बाहेर टाकणे हेच परसबागेचे पहिले काम होय. आपल्या मातीत चुना आधीच पुष्कळ आहे, सिमेंटमुळे त्यात भर पडते.

शंका असल्यास माती तपासून घ्यावी. चार-पाच ठिकाणी वीतभर खोल खड्डे करून त्यांच्या कडेची माती घ्यावी, ती एकत्र मिसळून सावलीत वाळवावी आणि अर्धा किलो नमुना प्रयोगशाळेस द्यावा. 2015 पासून देशात मृद आरोग्य पत्रिकेची योजना सुरू आहे. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी केल्यास मार्गदर्शन मिळते.

वाफसा

आता मुख्य विषयाकडे वळू. पाऊस पडून गेल्यावर जमिनीत ओल असते, पण माती हाताला किंवा अवजाराला चिकटत नाही, त्या अवस्थेस वाफसा म्हणतात. या अवस्थेत मातीच्या पोकळ्यांत पाणी आणि हवा दोन्ही असतात. काळ्या मातीतील खोदणे, भुसभुशीत करणे, पेरणे, निंदणे ही सर्व कामे याच अवस्थेत करावयाची असतात. वाफसा येण्यापूर्वी कुदळ मारली तर माती तुटत नाही, ती लिंपली जाते. कुदळीच्या पात्याने तुकतुकीत झालेला तो पृष्ठभाग वाळला की विटेसारखा होतो, आणि त्या एका दिवसाच्या घाईचे परिणाम संबंध हंगामभर दिसत राहतात. वाफसा उडून गेल्यावर खोदू गेल्यास ढेकळे निघतात आणि ती फोडण्यातच सारी शक्ती जाते.

वाफसा ओळखण्याची परीक्षा सोपी आहे. चार बोटे खोलीवरची मूठभर माती घेऊन तिचा लाडू करावा आणि अंगठ्याने दाबावा. लाडू भुरभुरून फुटला तर वाफसा आला. अंगठ्याचा ठसा उमटून लाडू तसाच राहिला, तर थांबावे. पाऊस उघडल्यावर यासाठी किती दिवस लागतील, हे ऊन, वारा आणि जमिनीचा उतार यांवर अवलंबून असते. दोन दिवसही पुरतात, चारही लागतात. पावसाच्या झडीत आठवडाभर वाट पाहावी लागली तरी पाहावी.

येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवावीशी वाटते. आपल्या पदवीधर मुलांना मातीचा सामू ठाऊक असतो, परंतु वाफसा या शब्दाशी त्यांची ओळख नसते. त्यांच्या आज्या आणि आया मात्र जमिनीवर पाऊल टाकताच सांगतात की आज काम होणार नाही, परवा होईल. रोजंदारीने निंदण-वेचणी करीत त्यांनी हे ज्ञान मिळविले. त्या कामाला मोल कमी मिळाले, म्हणून त्या ज्ञानाचे मोलही कमी, अशी एक चुकीची समजूत शिकलेल्या घरांत रुजते. घरात अशी वडीलधारी स्त्री असेल, तर परसबागेच्या पहिल्या दिवशी तिला खुर्ची टाकून अंगणात बसवावे आणि ती ‘हो’ म्हणेपर्यंत कुदळ उचलू नये. हे पुस्तकातून शिकण्यापेक्षा तिच्याकडून शिकणे सोपे आहे, आणि ते शिकवू शकणारी पिढी आता थकत चालली आहे.

काही प्रचलित उपायांविषयी

भारी माती हलकी करण्यासाठी वाळू मिसळावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. थोड्या वाळूने काहीच साधत नाही. चिकणमातीचे कण वाळूच्या कणांमधील जागा भरून काढतात आणि मिश्रण अधिकच घट्ट बसते. फरक पडण्याइतकी वाळू घालायची तर मातीच्या निम्म्याने घालावी लागेल, आणि तो खर्च कोणालाही परवडणार नाही. तलावातील गाळाचेही तसेच. मुरमाड, उथळ जमिनीला तो वरदान आहे. पण तो गाळ स्वतःच बहुतांशी चिकणमाती असल्याने काळ्या अंगणात त्याचा उपयोग नाही. जिप्समविषयी एवढेच सांगतो की, माती चोपण असेल, म्हणजे तिच्यात सोडियम वाढलेला असेल, तरच ते कामी येते. तपासणीशिवाय जिप्समची पोती आणू नयेत.

खरा उपाय सेंद्रिय पदार्थ हाच आहे. कुजलेले खत मातीत गेले की त्यावर जगणारे सूक्ष्मजीव आणि गांडुळे चिकणमातीचे कण एकत्र बांधून त्यांचे लहान लहान दाणे तयार करतात. दाण्यांमध्ये मोठ्या पोकळ्या राहतात, त्यांतून पाणी निथळते आणि हवा खेळते. कंपोस्टची जी पद्धत ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली, ती सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात इंदूर येथे, माळव्याच्या काळ्या मातीच्या प्रदेशातच विकसित केली. पिकांचे अवशेष, शेण, थोडी माती आणि राख यांचे थर देऊन, ओल राखून आणि अधूनमधून ढीग उलटून सुमारे तीन महिन्यांत खत तयार करणे, असे तिचे स्वरूप आहे. घरामागच्या कोपऱ्यात तीन फूट लांब-रुंद ढीग करून कोणत्याही कुटुंबास हे करता येईल. शेणखत विकत घ्यावयाचे तर ते पूर्ण कुजलेले, वास नसलेले असावे. कच्च्या शेणातून हुमणीच्या अळ्या आणि तणाचे बी अंगणात येते.

वाफे आणि वाटा

किती जागेत सुरुवात करावी? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1918 साली भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहिला. शेत लहान की मोठे हे केवळ त्याच्या क्षेत्रफळावरून ठरत नाही, त्यावर लावता येणारे भांडवल, श्रम आणि साधने यांच्या प्रमाणात ते पाहावे लागते, असे त्यांचे प्रतिपादन होते. प्रश्न अर्थातच संबंध देशाच्या शेतीचा होता; पण परसबागेचा वाफा आखतानाही हाच विचार लागू पडतो. मागे तीनशे चौरस फूट जागा आहे म्हणून तीनशे चौरस फूट खोदू नये. घरात हात किती, खत किती, उन्हाळ्यात पाणी किती, ते पाहून पहिल्या वर्षी तीन फूट रुंद आणि दहा फूट लांब असे दोनच वाफे करावेत. तीन फूट रुंदी यासाठी की, दोन्ही बाजूंनी बसून मधोमध हात पोहोचावा आणि वाफ्यात पाय ठेवण्याची वेळच येऊ नये.

मे महिन्यात दोरी लावून जागा आखून ठेवावी आणि खत, पालापाचोळा, सोयाबीनचे कुटार जमवून ठेवावे. वळवाचा किंवा मृगाचा पाऊस पडून वाफसा आला की वाफ्याची जागा वीतभर खोल खोदावी. खालच्या थरात चुनखडीचे पांढरे खडे लागले, तर ते वर आणू नयेत. मग दीड फूट रुंदीच्या वाटांवरील वरची माती उचलून वाफ्यावर टाकावी. याने वाफा नऊ इंच ते फूटभर उंच होतो आणि वाटेचाच चर होऊन पाणी निघून जाते. हाच गादीवाफा. चराचा उतार घराच्या पायाकडे नसावा, हे मात्र पाहावे. वाफ्यावर दोन इंच जाडीचा कुजलेल्या खताचा थर द्यावा आणि तो वरच्या चार-सहा इंच मातीत मिसळावा. दहा फुटी वाफ्यास यासाठी सुमारे 10-12 घमेली खत लागते.

यानंतर वाफ्यावर कोणीही पाय देऊ नये. ओल्या काळ्या मातीवर पडलेले एक पाऊल हवेच्या पोकळ्या मिटवून टाकते. भिक्खूंच्या वर्षावासाचा नियम विनयात ज्या कारणाने आला, ते येथे आठवते. पावसाळ्यात फिरणारे भिक्खू हिरवे गवत आणि बारीक जीव तुडवतात, अशी लोकांनी तक्रार केली आणि त्यावरून पावसाळ्यात एके ठिकाणी राहण्याचा नियम झाला. परसबागेत लहान मुलांना ‘वाफ्यावर जाऊ नका’ असे दटावण्यापेक्षा ही कथा सांगितलेली बरी.

पहिला हंगाम

पहिल्या पावसाळ्यात दोन वाफ्यांपैकी एकावर भाजी न घेता ताग पेरावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. शंभर चौरस फुटांस 50 ग्रॅम या हिशेबाने बी पुरते. तागाचे सोटमूळ घट्ट माती भेदून खाली जाते आणि मुळांवरील गाठींतून मातीला नत्र मिळते. 40-45 दिवसांनी, फुले धरू लागताच तो कापावा. वाफसा असेल तर बारीक करून मातीत मिसळावा, झड लागली असेल तर वाफ्यावरच पसरून ठेवावा. तीन-चार आठवड्यांत तो कुजतो. जागा पाणथळ किंवा चोपण असेल, तर तागाऐवजी धैंचा घ्यावा. तो अशा जमिनीत अधिक तग धरतो. दोन महिने वाफ्यातून काहीच ताटात येत नाही, ही अडचण खरी आहे. तेवढ्यासाठीच दुसरा वाफा. त्यात अंबाडी, चवळी, गवार आणि भेंडी लावावी, कडेला तुराट्यांचा मांडव करून दोडका व कारले चढवावे. या भाज्या काळ्या मातीशी जुळवून घेतात.

ऑक्टोबरात दोन्ही वाफे हिवाळी भाज्यांसाठी तयार होतात. मेथी, पालक, कोथिंबीर, चाकवत ओळीने पेरावेत. धने आधी हलके रगडून दोन भाग करून घ्यावेत. येथे काळ्या मातीतील एक विशेष अडचण येते. पाणी दिल्यावर वरची माती आळून तिची खपली बनते आणि नाजूक अंकुर तिच्याखालीच अडकतो. म्हणून बी मातीने झाकण्याऐवजी चाळलेल्या कंपोस्टने झाकावे. वांगी, मिरची, टोमॅटो यांची रोपे ऑगस्ट-सप्टेंबरात पसरट डब्यात किंवा कुंडीत तयार करावीत, कारण जास्त ओलीत कोवळी रोपे बुडाशी कुजून कोलमडतात. वांग्यास दोन-दोन फूट अंतर ठेवावे. गाजर पहिल्या वर्षी टाळावे. भारी मातीत ते फाटे फुटून वेडेवाकडे होते. मुळा चालेल. पपईचे झाड सर्वांनाच हवे असते, पण बुडाशी पाणी साचले की ते कुजून आडवे होते, तेव्हा ते उंचवट्यावरच लावावे. शेवगा आणि कढीपत्ता कुंपणाच्या बाजूला असावेत.

हिरव्या पालेभाज्यांचा एवढा आग्रह आम्ही धरतो, त्यामागे कारण आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील 15 ते 49 वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. पालेभाजी म्हणजे औषध नव्हे. परंतु आठवड्यातून चार दिवस घरची ताजी भाजी आणि तिच्यावर पिळलेले लिंबू ही सुरुवात वाईट नाही.

पाणी

हलक्या जमिनीची सवय असलेला मनुष्य काळ्या मातीला रोज पाणी घालतो. त्याची गरज नसते. वाफ्यात बोट दोन इंच खुपसून पाहावे, आत ओल लागली तर पाणी देऊ नये. वाफ्यावर कुटार, गव्हांडा किंवा वाळलेल्या पानांचे दोन-तीन इंच आच्छादन ठेवावे. त्याने ओल टिकते, खपली धरत नाही आणि मुळे तोडणाऱ्या भेगाही कमी पडतात. हे आच्छादन वरच राहू द्यावे. न कुजलेले कुटार मातीत गाडल्यास ते कुजताना मातीतील नत्र सूक्ष्मजीवच वापरून टाकतात आणि रोपे उपाशी राहतात.

मोरीचे पाणी परसात सोडण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. परंतु आजच्या धुण्याच्या पावडरींत सोडियमचे क्षार असतात, आणि सोडियमने चिकणमातीचे दाणे विस्कटतात. वर्षभराच्या कष्टाने भुसभुशीत झालेला वाफा अशा पाण्याने पुन्हा चोपण होऊ शकतो. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी खुशाल वापरावे, कपड्यांचे पाणी वाफ्यापासून दूर ठेवावे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात तर जमिनीखालचे पाणीच खारे असते. तेथील कुटुंबांनी छपराचे पावसाचे पाणी टाकीत साठवावे आणि परसबाग मुख्यतः पावसाळा व हिवाळा या दोन ऋतूंत करावी. बोअरच्या खाऱ्या पाण्यावर उन्हाळी भाजी ओढूनताणून घेण्यात माती खराब होते.

पिवळ्या पानांविषयी

या मातीत पाने पिवळी पडली की घाबरून युरिया टाकला जातो. आधी पान नीट पाहावे. जुनी, खालची पाने सर्वत्र पिवळी पडत असतील, तर नत्राची कमतरता संभवते. वरची कोवळी पाने पिवळी, पण शिरा हिरव्या दिसत असतील, तर लोहाची उणीव समजावी. लोह मातीत टाकल्यास चुन्यामुळे अडकून पडते, म्हणून एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस आणि 1 ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारावे. भेंडीत याच्या उलट, शिराच पिवळ्या होऊन जाळे दिसले, तर तो पांढऱ्या माशीने पसरणारा विषाणुरोग होय. त्यावर कोणतेही खत चालत नाही. ते झाड उपटून दूर टाकावे. आणि सगळेच रोप निस्तेज होऊन माती ओली असेल, तर काही न फवारता चर मोकळा करावा.

दुसऱ्या वर्षी वाफे पुन्हा मुळापासून खोदण्याची गरज नसते. ते दोन-तीन बोटे खाली बसलेले असतात. मे महिन्यात त्यांवर इंचभर कंपोस्ट टाकावे, वाटांत वाहून आलेली माती उचलून परत वर घ्यावी, आणि वाफसा असताना वरचा थर खुरप्याने हलवावा. ज्या वाफ्यात वांगी, मिरची किंवा टोमॅटो होते, तेथे चवळी-गवार घ्यावी आणि तिसरा वाफा वाढवायचा असेल तर त्याची सुरुवात पुन्हा तागाने करावी. दोडक्याचे आणि भेंडीचे एकेक निरोगी फळ वेलीवर, झाडावर पूर्ण वाळू द्यावे. त्याचे बी राखेत मिसळून कोरड्या डब्यात ठेवले की पुढच्या मृगाला ते उपयोगी पडते, आणि शेजारच्या घरी देण्याइतके उरतेही.